पुढं गेलेलं गाठोडं

डिसेंबरात नळदुर्गला सकाळी पत्र्यावर दव साचतं आणि हायवेवरच्या ट्रकांचा धूर नऊ वाजेपर्यंत खालीच रेंगाळतो. गौरीशंकरांच्या बायकोला, शिवलीलाबाईंना, हा महिना जड जायचा. गेल्या जानेवारीत दम्यापायी त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात अकरा दिवस ठेवावं लागलं होतं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "पुढचा हिवाळा इथं काढू नका. समुद्राकाठच्या उबदार हवेत न्या. असा आणखी एक हिवाळा त्यांना झेपणार नाही."

गौरीशंकरांनी सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात काढली होती. प्रवासवर्णनांचं कपाट त्यांना पाठ होतं, पण स्वतःचा प्रवास म्हटला की ते काहीतरी कारण काढायचे. हॉटेलात दोन-तीन महिने राहायचं तर परक्या माणसांशी रोज बोलावं लागणार. म्हणून त्यांनी घरच सोबत न्यायचं ठरवलं. गॅरेजवाल्या शंभू मिस्त्रीने एका जुन्या ट्रॅव्हलर गाडीची बाकडी काढली, आत पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. आरटीओचे कागदही झाले. सदुसष्टाव्या वर्षी गौरीशंकर माकणीच्या रस्त्यावर गाडी शिकले.

"सर, ब्रेकवरचा पाय काढा की जरा," शंभू म्हणायचा. "असं चाललो तर माकणीला संक्रांतीला पोचू आपण."

वेंगुर्ल्याजवळ माडांच्या वाडीत गाड्या उभ्या करायची सोय होती. तिथलं काम बघणारी हर्षाली फोनवर गोड बोलायची. जागा ठरली. मठातल्या महांतप्पांनी पंचांग बघून दोन डिसेंबरचा मुहूर्त काढून दिला. पण त्या दिवशी गाडीच्या टाकीतून पाणी गळत होतं. मग घरच्या चालीप्रमाणे गौरीशंकरांनी प्रस्थान ठेवलं. पंच्यात आपला एक टॉवेल, शिवलीलाबाईंचा एक खण, सुपारी आणि हळदीचे तांदूळ बांधले आणि ते गाठोडं पश्चिमेला चार घरं सोडून राहणाऱ्या कोंडाबाईंच्या खुंटीला टांगलं. आता प्रवास सुरू झाला असं धरायचं. आपण मागून निघायचं, फक्त तीन दिवसांच्या आत.

टाकी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाली. मग गौरीशंकरांना मागच्या टायरची शंका आली. टायर झाला, तर घाटात ब्रेक तापतात असं कुठंतरी वाचल्याचं आठवलं. त्यांनी सामानाची यादी चौथ्यांदा लिहिली.

"अहो, ग्रंथालय हलवताय का बायको?" शिवलीलाबाईंनी विचारलं. हसता हसता त्यांना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

सात तारखेला कोंडाबाई दारात आल्या.

"काय व सर, आज निघतो उद्या निघतो! तीन दिसाच्या वर प्रस्थान ठिवू न्हाय. वैनी, तुमी तरी सांगा की."

"मी सांगून दमले," शिवलीलाबाई म्हणाल्या.

कोंडाबाईंनी आवाज हळू केला. "आन् सर, त्या गठुड्यात वाळू ठिवलीय का? रोज खाली सांडतीय. पांढरी."

गौरीशंकर जाऊन बघून आले. खुंटीखालच्या शहाबादी फरशीवर चिमूटभर वाळू होती. नळदुर्गची माती काळी. बोरी नदीची वाळूही इतकी बारीक नसते. त्यांनी गाठोडं चाचपलं. पंचा दमट लागला. बांधकामाची वाळू उडाली असेल, असं म्हणून ते परतले, पण आसपास कुठंच बांधकाम नव्हतं.

नऊ तारखेला सांगोल्याजवळच्या ढाब्यावरून बलभीमचा फोन आला. मुक्कामाला गाडी उभी करण्याबद्दल गौरीशंकर त्याच्याशी आधी बोलले होते.

"सर, दुपारी जेवण तसंच टाकून उठलात. भाकरी कडक झालती का?"

"मी घरीच आहे, बलभीमराव. दुसरं कुणी असेल."

"दुसरं कसं? तुमीच नाव सांगितलं की. गाडीबी तीच. येकटेच होता." ट्रकांच्या आवाजात तो पुढं म्हणाला, "लई वंगाळ वाटलं सर तुमाला बघून."

गौरीशंकरांनी हे बायकोला सांगितलं नाही. दाराबाहेर येऊन पाहिलं. गाडी जागेवर होती, बॉनेटवर दव होतं.

अकरा तारखेला सकाळी शिवलीलाबाईंना उठून बसवेना. गौरीशंकरांनी श्वासाचा पंप त्यांच्या हातात दिला. ग्रंथालयाच्या सवयीने ते प्रत्येक पंपावर चिठ्ठी चिकटवायचे: 'सुरू' आणि पुढं तारीख, 'संपला' आणि पुढं मोकळी जागा. या पंपावर लिहिलं होतं, सुरू: २४ नोव्हेंबर. पंप दोनदा ओढल्यावर शिवलीलाबाईंच्या ओठांचा निळेपणा कमी झाला. तेवढ्यात फोन वाजला. हर्षाली होती.

"काका, काल तुम्ही फोनवर म्हणालात तसं केलंय. एकच खुर्ची ठेवलीय."

"मी कधी म्हणालो?"

"काल संध्याकाळी. तुमच्याच नंबरवरून." ती चाचरली. "काका, काकूंचं ऐकून फार वाईट वाटलं."

गौरीशंकरांनी फोनवरची यादी पाहिली. काल त्यांनी कुणालाही फोन केला नव्हता. आतल्या खोलीतून बायकोच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट पुरती तपासून बघावीशी वाटली नाही.

त्यांनी सामानाची यादी चुलीत घातली.

"चला," ते म्हणाले.

"आत्ता? आज वार कोणता, राहुकाळ किती ते बघा तरी."

"नाही बघत."

शिवलीलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी चपला घातल्या.

कोंडाबाईंच्या घरासमोर त्यांनी गाडी थांबवली. खुंटी रिकामी होती.

"तुमीच तर... न्हाय, थांबा." कोंडाबाई गोंधळल्या. "सात तारखेला वाळू दावली. दुसऱ्या दिशी पहाटं तुमी येऊन नेलं की! म्या म्हणलं, वैनी कुठंय, तर बोलला न्हाईत." त्यांची नजर गाडीत बसलेल्या शिवलीलाबाईंकडे गेली आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

गौरीशंकरांनी ब्रेकवरचा पाय काढला.

सोलापूर मागं पडलं. मागचे ट्रक भोंगे वाजवत होते, गौरीशंकरही वाजवत होते. मंगळवेढ्याच्या पुढं शिवलीलाबाईंनी काच खाली केली. "शंभूने बघायला हवं होतं तुम्हाला चालवताना," त्या म्हणाल्या आणि या वेळी हसताना खोकल्या नाहीत.

बलभीमने त्या दोघांना उतरताना पाहिलं आणि त्याच्या हातातला पाण्याचा जग कलंडला. त्याने भाकरी वाढली, पैसे घेतले नाहीत आणि सारखा शिवलीलाबाईंच्या पायांकडे बघत राहिला. गौरीशंकर हात धुवायला गेले तेव्हा मागून येऊन हळूच म्हणाला, "त्यो काल परत आल्ता. गाडीतच बसून व्हता. सकाळी गेला, सर. तुमी बिगीनं जावा."

दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. "आजोबा, तासाभरापूर्वीच गेलात ना? तेव्हा एकच चहा घेतलात."

"आता दोन द्या," गौरीशंकर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

घाट उतरताना ब्रेक तापले नाहीत. हवा दर वळणाला उबदार होत गेली. शिवलीलाबाईंनी शाल काढली, मग स्वेटर काढला. खाली माडांचे शेंडे दिसू लागले तेव्हा त्यांनी छाती भरून श्वास घेतला, सोडला आणि गंमत म्हणून पुन्हा घेतला.

वाडीत पोचले तेव्हा ऊन होतं. हर्षाली धावत आली आणि शिवलीलाबाईंना बघून जागच्या जागी थांबली.

"काका, आत्ताच तर तुम्ही..." तिने समुद्राकडे हात केला.

माडाखाली एकच खुर्ची होती. वाळूत एकाच माणसाची पावलं उमटली होती. ती पाण्यापर्यंत गेली होती आणि तिथून पुढं नव्हती.

खुर्चीवर गाठोडं होतं.

"दुसरी खुर्ची आण, पोरी," गौरीशंकर म्हणाले.

शिवलीलाबाई पदर खोचून पाण्याकडे निघाल्या होत्या. त्या न थांबता चालत होत्या.

गौरीशंकरांनी गाठ सोडली. गाठ त्यांच्याच हाताची होती. आत टॉवेल, खण, सुपारी आणि हळदीचे तांदूळ. खणाखाली श्वासाचा पंप.

तो रिकामा होता. चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर.

सुरू: २४ नोव्हेंबर. संपला: १९ डिसेंबर.

आज बारा तारीख होती. बायकोच्या पिशवीतला पंप त्यांनी काढून पाहिला. त्यावर 'संपला'पुढं अजून काही नव्हतं.

त्यांनी गाठोडं पुन्हा बांधलं आणि पावलं संपत होती तिथं जाऊन पाण्यात सोडून दिलं.

एकोणीस तारखेला ते दिवसभर बायकोच्या दोन पावलं मागून फिरले. "काय हो, कोंबडीमागच्या पिल्लासारखे!" त्या म्हणाल्या. दुपारी त्या टेकडीवरच्या देवळापर्यंत चढून गेल्या, वाटेत कुठं टेकल्या नाहीत आणि वर जाऊन घंटा इतक्या जोराने वाजवली की पुजारी बाहेर आला. सूर्य बुडाला. दोन खुर्च्यांवर बसून दोघांनी मासे सोडून सगळ्यावर ताव मारला. पंप पिशवीतच राहिला.

गौरीशंकरांना पुष्कळ वर्षांनी गाढ झोप लागली.

सकाळी कोंडाबाईंचा फोन आला.

"सर, वैनी कशाय?"

"ठणठणीत. समुद्रावर गेल्यात."

"बरं झालं बाई." मग त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्या घराला कुलूपच हाय न्हवं? न्हाय, तुमी गेल्यापासनं आत कुणीतरी खोकत व्हतं. काल तर सारा दिस. आमी दार वाजवून वाजवून दमलो."

"मग?"

"मग काय," कोंडाबाई म्हणाल्या. "दिवेलागणीला थांबलं."