मास्तरांचा खडू

अ‍ॅल्युमिनियम हा लबाड धातू आहे. लोखंड तापलं की लाल होऊन बोंब मारतं. हा वितळायच्या बेतात असतानाही साळसूदपणे पडून असतो. म्हणून आमच्या कारखान्यात, जिथे आम्ही ट्रकवर चढवायच्या तेलाच्या टाक्या वेल्ड करतो, एक रीत आहे. जोड पूर्ण झाला की ज्याने केला त्याने त्यावर खडूने 'गरम' लिहायचं.

ही रीत मास्तरांची. त्यांनीच मला काम शिकवलं आणि माझी दहाही बोटं त्यांच्यामुळे शाबूत आहेत. ते डावखुरे होते. अक्षरं डावीकडे कललेली, वर रेघ कधीच नाही. म्हणायचे, रेघ ओढेपर्यंत कोणीतरी हात भाजून घेतो.

ते गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने, काकूंनी, त्यांचा बोटभर खडू मला दिला. वापरायला मन होईना. लॉकरमध्ये कुलपात ठेवून दिला.

पंधरा दिवसांनी मी एका जोडावर लिहायला विसरलो. चहा पिऊन परततो तर त्यावर 'गरम'. बिनरेघेचं, डावीकडे कललेलं. हा पेंटरचा उद्योग, असं मी धरून चाललो, कारण तो सगळ्यांच्या नकला करतो. त्याला झापायला गेलो तर त्यानेच मला विचारलं, झोप नीट होते ना.

पुन्हा दोनदा तसंच झालं. भूतखेत मानणारा मी नव्हे. शेवटी मी लॉकरमधल्या खडूला मोजपट्टी लावली. बासष्ट मिलिमीटर. पुढच्या खेपेला चव्वेचाळीस. चावी माझ्याच खिशात होती.

मग ती टाकी आली. सकाळचं पहिलं काम, आदल्या दिवशी अर्धे राहिलेले आतले जोड. झाकण उघडं होतं. मी पाय आत टाकणार तोच तोंडाच्या कडेवर दिसलं, 'गरम'.

हात लावला. धातू गारठलेला होता. कालपासून त्याला कोणी शिवलं नव्हतं.

मास्तर कधी खोटं लिहीत नसत.

मी पाय मागे घेतला आणि सुपरवायझरला बोलावलं. त्याने प्राणवायू मोजायचं यंत्र दोरीने आत सोडलं. ते लगेच किंचाळायला लागलं. काल घरी जायच्या घाईत मीच वेल्डिंगचा टॉर्च आत विसरलो होतो. त्यातून रात्रभर आर्गॉन वायू झिरपून तळाशी साठला होता आणि प्राणवायू बाहेर ढकलला गेला होता. त्याला ना वास, ना रंग. दोन श्वासांत माणूस आडवा होतो.

"तुला कळलं कसं?" सुपरवायझरने विचारलं.

"मास्तरांनी सांगितलं."

तो हसला नाही.

संध्याकाळी घरी मुलीला उचलून घेतलं ते बराच वेळ खाली ठेवलं नाही. बायकोने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा डोळे भरून आले. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडणार होतो?

लॉकरमध्ये आता वाटाण्याएवढा तुकडा उरला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी नवा, अख्खा खडू ठेवला आणि हात जोडले.

"मास्तर, लिहीत राहा."

आज सकाळी कुलूप काढलं. नवा खडू एका टोकाला झिजला आहे.

आता दुपार झाली. सगळ्या टाक्या पाहिल्या, जोड पाहिले, माझे हातमोजे उलटे करून पाहिले.

कुठे लिहिलंय ते अजून सापडलेलं नाही.