घरी पोहोचल्याची सही

ऐका पोरांनो. उदाराम माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो, म्हणून सांगतो. नाहीतर आपल्या कुडवा गावात कोणालाही विचारा. गेल्या साली, चौदा जुलै, सोमवार. संध्याकाळी तो सायकल काढून गोंदियाच्या स्टेशनावर निघाला. थोरल्या पोराच्या ठेकेदाराच्या माणसाने बोलावलं होतं.

त्याचा थोरला, दुर्गेश, समुद्रावर कामाला होता. तेलाची ती अजस्र जहाजं किनाऱ्याला लागत नाहीत, पाणी कमी पडतं. म्हणून दूर खोल पाण्यात एक लोखंडी बोया तरंगत ठेवतात. जहाज त्याला बांधायचं, पाइप जोडायचा, की कच्चं तेल समुद्राच्या तळावरच्या नळातून थेट रिफायनरीत. बांधाबांधीचं काम दुर्गेशचं. जूनमध्ये वादळ आलं. बोट बाकीच्यांना घेऊन परतली, दुर्गेश बोयावरच राहिला. बोटीवरच्या एकाने चोरून फोन केला, म्हणून कळलं. ठेकेदार म्हणे, पोरगा काम सोडून पळाला.

स्टेशनावर त्या माणसाने चहा पाजला, कागद पुढे सरकवला. "काकाजी, इतनाच लिखा है, लड़का घर पहुँच गया. सही करो, मामला खतम, छोटे को उसकी जगह लगवा देंगे."

धाकटा ओमेश तीन वर्षांपासून घरी बसून. सकाळच्या गाडीचं त्याचं तिकीटही काढून आणलं होतं. उदारामने सही केली.

घरी तो ओमेशच्या नोकरीचं तेवढं बोलला. पण त्याच्या बायकोने, सावित्रीबाईने, त्याच्या खिशातली नक्कल काढून चष्मा लावून वाचली. रडली नाही, भांडली नाही. भिंतीपलीकडे ऐकू येईल एवढंच म्हणाली, "पोहोचला म्हनून लिहून देल्लं ना जी? मंग दाराले कडी नोको लावू."

उदारामने कडी लावली नाही.

रात्री पावणेदोनला लाइट गेली. तो जागाच होता. अंगणात पाणी ठिबकून राहिलं होतं. पाऊस नव्हता.

मग वास आला. तेलाचा, जड, उग्र...

दार हललं. पावलं आत आली. ओली, सावकाश.

उदारामच्या खाटेशी थांबली.

चुकलो रे बाबू, म्हणायचं होतं त्याला. जीभ उचलेना. डोळे उघडेनात.

पावलं पुढे गेली. ओमेशकडे.

काहीतरी घासलं... करकचून आवळलं.

मग काहीच नाही.

फटफटलं तसा ओमेश हळूच बोलला. "बाबा, माहा पाय काऊन बांधला?"

दोन बोटं जाड दोर. तेलाने काळा, खाऱ्या पाण्याने निथळता. ओमेशच्या घोट्यापासून खाटेच्या पायाला. गाठ अशी, की अख्ख्या कुडव्यात कोणाला सुटेना. कोयत्याने दोर तुटेपर्यंत ओमेशची गाडी तिरोडा स्टेशन ओलांडून गेली होती. सावित्रीबाई पोराचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. उदारामकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. आजवर पाहत नाही.

खाटेच्या पायाला उरलेली गाठ तशीच आहे. वर्ष होत आलं. उन्हाळा गेला वरून...

अजून सुकली नाही.