जांभळीचा वळसा

करिष्माचं लग्न दोन हजार पंचवीसच्या फेब्रुवारीत झालं, आणि वळ गावातल्या त्या घरात तिची मोठी बहीण हेमाली आणि अंथरुणाला खिळलेले बाबा, नामा तरे, अशी दोघंच उरली. मार्चमध्ये हेमालीला काम मिळालं. एका मोठ्या परदेशी गुंतवणूक बँकेचे जुने कागद वळच्या गोदामात ठेवलेले होते. बावीस हजार खोकी. कुठलं खोकं कुठल्या रांगेत, कुठल्या फळीवर, हे कॉम्प्युटरशी ताडून पाहायचं.

ती बँकेची नोकर नव्हती, स्वतंत्र कंत्राटदार होती. बँकेच्या माणसांच्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, हिच्या गळ्यात पिवळी. संध्याकाळी ती गेटवर काढून द्यायची. करार तीन महिन्यांचा, मेअखेरपर्यंत. पण गोदाम घरापासून दहा मिनिटांवर होतं. दुपारी येऊन बाबांना पेज भरवता यायची. हे काम गेलं तर मुंबई गाठावी लागणार होती, आणि मग बाबांना पाहायला दुसरं कुणी नव्हतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक्केचाळीस खोकी जागेवर सापडेनात.

"हरवली म्हणून लिहू?" तिने फोनवर विचारलं.

"बँकेत काही हरवत नाही, हेमाली. सापडत नाही एवढंच," मुंबईहून बँकेतल्या तिच्या वरिष्ठ विनिता मॅडम म्हणाल्या. "महिनाअखेरीला न सापडलेल्यांचा आकडा शून्य दाखव. नाहीतर पुढचा करार मला मागता येणार नाही."

खोकी सापडली, तीही दोन दिवसांत. प्रत्येक खोकं आपल्या जागेच्या शेजारच्या फळीवर होतं. हेमालीने ती परत लावली. सकाळी पुन्हा शेजारी.

"प्रितमदादा, कुणी हलवतं का?"

प्रितम पंधरा वर्षं गोदामात उचलायची गाडी चालवत होता. "मॅडम, इथं पगारात खोकी उचलायला माणूस मिळत न्हाय, फुकटात कोण उचलेल?"

तिने कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी खोकं जागेवर होतं. सहा वाजून पाच मिनिटांनी शेजारी. मधे कोणी आलं नव्हतं.

ती खाली वाकली. खोक्याचा तळ ओला होता. बाहेर मेचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं आणि खोक्याला चिखलाचा वास येत होता, नांगरटीनंतर येतो तसा.

प्रितमने वास घेतला आणि खोकं हळूच खाली ठेवलं. त्यानंतर तो त्या रांगांत गाडी नेईना. विचारलं तर म्हणे, टायर खराब आहे.

हेमालीने गोदामाचा नकाशा छापला आणि हलणाऱ्या प्रत्येक खोक्याच्या मूळ जागी लाल ठिपका दिला. ठिपके जोडले तर सरळ रांगांतून एक वाकडी रेघ निघाली. मध्यावर तिला एक मोठा वळसा होता.

गोदाम ज्या जमिनीवर उभं होतं ती तरे भावांचीच होती, सोळा वर्षांपूर्वी विकलेली. घरी जाऊन तिने कागद बाबांसमोर धरला.

बाबांनी तो डोळ्यांजवळ ओढला. मग त्यांचं बोट रेघेवरून फिरलं.

"ह्यो आपला बांध. माझ्या नि काळूदादाच्या शेतामधला."

"पण बाबा, विक्रीच्या मोजणीत बांध सरळ आहे. मी कागद पाहिलाय."

बोट वळशावर थांबलं.

"हितं जांभळ व्हती. बापानं बांध घातला तवा तिला वळसा दिला. तू जन्मायच्या आदी मी ती तोडली."

"का?"

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. पलीकडे काळूरामकाकांचं घर होतं. तिथे आता त्यांची बायको, गोदूबाई, एकटी राहायची. चौतीस वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

"बांध कोरायचा व्हता म्हणून. दरसाल येक वीत दादाच्या शेतात. जांभळ आड येत व्हती." मग भिंतीकडेच पाहत, "दादा काय बोलला न्हाय. नुसता बघत ऱ्हायला. मी उलटा त्याच्याशी भांडलो."

हेमालीने नकाशाची घडी घातली.

"ती जागा रिकामी सोड, पोरी. आनि गोदूवयनीला बोलाव."

गोदूबाई आली. उंबऱ्याशी क्षणभर थांबली, मग आत येऊन पलंगाच्या कडेला बसली. बाबांनी सगळं सांगितलं. मधे दोनदा त्यांना धाप लागली, तेव्हा तिनेच पाणी पाजलं.

"मना ठाऊक व्हतं, भावजी," ती म्हणाली. "त्याना पन ठाऊक व्हतं."

"मंग दादा बोलला का न्हाय?"

"म्हनायचे, नामा सोता सांगल. तवर मी थांबतो."

गोदूबाईने पेजेची वाटी ओढून घेतली. "दे हेमाली. तू जा तुज्या ड्युटीवर."

दुसऱ्या दिवशी हेमालीने विनिता मॅडमना लिहून कळवलं: या पट्ट्यात जमिनीतून ओल येते, खोकी ठेवू नयेत.

"तुझ्या सहीवर जाईल हे," मॅडम म्हणाल्या. "चुकलं तर कंत्राटी माणूस चुकला, बँक नाही."

"चालेल."

पट्टा रिकामा झाला, वळशासकट. त्यानंतर एकही खोकं हललं नाही. महिनाअखेरीला आकडा शून्य होता. करार वर्षाचा झाला. दुपारी हेमाली घरी यायची तेव्हा बाबांना भरवून झालेलं असायचं आणि गोदूबाई त्यांना भावकीतल्या लग्नांच्या बातम्या सांगत असायची. बाबा हसायचे. त्यांना हसताना हेमालीने फारसं पाहिलं नव्हतं.

नोव्हेंबरात एका सकाळी ती गोदामाच्या दारापाशी टेबलावर काम करत होती. तिथले दिवे खाली काही हललं तरच लागतात.

रिकाम्या पट्ट्याच्या या टोकाचा दिवा लागला.

मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा. म्हातारा माणूस चालेल त्या गतीने.

त्या टोकाकडूनही एक दिवा लागला होता.

अर्ध्या वाटेत दोन्ही उजेड एकमेकांना भिडले. बराच वेळ तिथेच राहिले.

"कोन हाय तिकडं?" प्रितमने हळू आवाजात विचारलं.

"असू दे," हेमाली म्हणाली.

मग दिवे पुन्हा एकेक करून लागत गेले. आता एकाच दिशेने, थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत.

तिने घड्याळ पाहिलं. फोन वाजला. गोदूबाईचा होता.

काळूराम बाळू तरे एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या आषाढात वारले होते. त्यांचे धाकटे भाऊ नामा बाळू तरे मंगळवार, अठरा नोव्हेंबर दोन हजार पंचवीस रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, राहत्या घरी वारले.