थोडं वॉर्म कर ना

घाटकोपरच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी घरघरत होते. एक माझा, एक त्याचा.

"तुमचाही पंखा बोंबलतोय?" त्याने विचारलं. सावळा, कपाळावर केस, आणि आवाज... आधी आवाजच लक्षात राहिला. मी माणसं कानांनीच बघते, त्याला काय करणार!

"काय चालवता एवढं?" मी विचारलं.

"गाणं. माझं पहिलंच. प्रत्येक ट्रॅकवर, म्हणजे गळा, गिटार, सगळ्यावर, तो जुन्या मशीनसारखा वाजणारा इक्वलायझर टाकलाय. काय झकास ऊब येते त्याने!"

मला हसू आवरेना. "प्रत्येक ट्रॅकवर? अहो, वरणापासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात जायफळ घातलंत तुम्ही! तो इक्वलायझर प्रोसेसरचा सगळा जीव खातो, म्हणून पंखा बोंबलतोय. ट्रॅकवर साधे, स्वच्छ लावा. हा शेवटी, एकदाच. मास्टरिंगला."

"आणि ते कोण करतं?"

"मी," मी म्हणून टाकलं. अंधेरीच्या स्टुडिओतली नोकरी मी नुकतीच सोडली होती. नाहूरच्या आमच्या घरातल्या मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून स्वतःचा स्टुडिओ मांडून बसले होते, आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. पहिलं गाणं नीट उतरलं नाही तर मुकाट्याने परत नोकरी धरायची, असं आईला कबूल करून बसले होते.

त्याचं नाव प्रितम. विमा कंपनीत नोकरी, उरलेल्या वेळात गाणं. शनिवारी तो गाणं घेऊन आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. मास्टरिंग म्हणजे गाणं बाहेर पडण्याआधीचा शेवटचा हात. केसभर इकडे, केसभर तिकडे, बस्स. मी तो हात फिरवला. त्याने ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "मस्तंय, इरावती. फक्त... थोडं वॉर्म कर ना."

केलं. पुढच्या शनिवारी परत आला. "अजून थोडं?"

मग तर दर शनिवार तसाच. अहो-जाहो कधीच गळून पडलं. मी इरा झाले. हेडफोन देता-घेता बोटाला बोट लागायचं आणि दोघंही स्क्रीनकडे बघायचो. आई बाहेरून विचारायची, "मिक्सर लावू का गं आता?" आणि तो हळूच म्हणायचा, "काकूंना सांग, चटणी थांबेल, गाणं थांबणार नाही." मी हसायचे. पण तो गेला की तेच गाणं परत परत ऐकत बसायचे. एवढं करूनही त्याला पटत नाही... म्हणजे मलाच ऐकू येत नाही? एका बुधवारी मी चक्क कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी मळ काढून दिला आणि कान ठणठणीत आहेत म्हणाले. तरी धाकधूक जाईना.

त्या शनिवारी लॅपटॉप अडखळायला लागला. तो इक्वलायझर लावला की आवाज तुटायचा. मी इतर सगळं बंद केलं, गाणं पुन्हा सुरू केलं आणि डोळे मिटून इक्वलायझरचा स्क्रीनवरचा नॉब माउसने फिरवला. हळू... अजून हळू...

"बस्स! झकास!" प्रितम म्हणाला.

मलाही ऐकू आलं. आवाज मऊ झाला होता, अगदी हवा तसा. मी डोळे उघडले आणि स्क्रीनकडे बघितलं. इक्वलायझर बंदच होता. आवाज तुटत होता तेव्हा मीच तो बंद केला होता, आणि परत चालू करायला विसरले होते.

गप्प बसता आलं असतं. तो खूश होता, काम संपलं असतं. पण माझ्या कानांनी मलाच फसवलं होतं. ते गिळवेना.

"प्रितम... हा बंद होता. मी नुसताच नॉब फिरवला. काहीच बदललेलं नाहीये."

"माहितीये."

"काय?"

"बटणाचा दिवा लागला नव्हता. मी बघत होतो."

"मग झकास का म्हणालास?"

तो खुर्चीच्या हाताशी चाळा करत राहिला. "तुझा चेहरा किती पडला होता... बघवेना यार. आणि गाणं तर पहिल्याच शनिवारी झालं होतं, इरा. मी उगाच... म्हणजे मला परत यायचं होतं."

मला त्याचा असा राग आला! "अरे, मी रडले रे! कान गेले म्हणून डॉक्टरकडे जाऊन आले! परत नोकरी शोधायला लागले होते!"

त्याचा चेहरा उतरला. "सॉरी. खरंच सॉरी. एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

"सॉरी राहू दे. डोळे मीट. आता खोटं बोललास तर याद राख."

इक्वलायझर चालू आणि बंद, दोन्ही मी सारख्याच आवाजाला आणले, कारण मोठं ते चांगलंच वाटतं, ही कानाची जुनी खोड. एक वाजवलं. मग दुसरं. पंखा किंचाळत होता.

"दुसरं," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच. "पहिल्यात मी दाराबाहेर उभा राहून गातोय. दुसऱ्यात आत आलोय."

दुसऱ्यात इक्वलायझर चालू होता. मी क्रम उलटसुलट केला, पुन्हा पुन्हा विचारलं. दरवेळी त्याने बरोबर ओळखलं. मला ऐकू येत होता तोच फरक त्यालाही ऐकू येत होता. माझे कान शाबूत होते, माझं काम खरं होतं. मला रडू फुटलं. त्याने डोळे उघडले, माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मीही सोडवून घेतला नाही.

एका हाताने मी फायनल फाइल बनवली आणि त्याला पाठवली.

"झालं," मी म्हणाले. "आता काही काम उरलं नाही तुझं इथे."

"मग..." त्याचा तो आवाज पहिल्यांदाच कापरा झाला. "बिनकामाचा आलो तर?"

"ये," मी म्हणाले. "फक्त येताना गाणं आणू नकोस."