मागच्या खोलीतली रेंज

वायफायवाला दुपारी तीनला आला, तेव्हा थोरली सून मागच्या खोलीची खिडकी पुसत होती. सासूबाईंना जाऊन वीस दिवस झाले होते. खाट निघाली, गादी निघाली, मलमाचा वास मात्र भिंतींना धरून होता.

नवऱ्याला आता घरून काम करायचं होतं, म्हणून ही खोली हवी. तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी माणूस हजर. दोन वर्षं ती याच खोलीसाठी डोकं फोडत होती. "अहो, आई अंथरुणाला खिळल्यात, परदेशातल्या धाकट्याशी बोलतील तरी." तर नवऱ्याचं उत्तर काय, "म्हातारीला कशाला हवंय वायफाय? हॉलमध्ये येतंय ना?" स्वतःच्या बुडाखाली खुर्ची यायची म्हटल्यावर बरी जाग आली.

मधल्या दोन जाड भिंती ओलांडून रेंज यायची नाही. मग सासूसुनेने आपली रीत बसवली होती. सासूबाई पडल्या पडल्या फोनमध्ये निरोप बोलायच्या आणि फोन पुढे करायच्या, "भरून आण गं घागर." सून तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवायची. तिथून निरोप धाकट्या मुलाकडे जायचा. त्याच्या उत्तराची टुंग वाजली, की म्हातारी आतूनच हसायची. दात नसलेलं, फुसफुसणारं हसू.

शेवटच्या दिवशी मात्र दोघींचं वाजलं. वाटीभर खिमटावरून. "मी काय तुमची टपालवाली आहे?" असं म्हणून सून निघून गेली. फोन उशाशीच राहिला. सकाळी सासूबाई उठल्याच नाहीत. तिने फोन बंद करून त्याच खोलीतल्या कपाटात टाकला आणि हे कुणाला सांगितलं नाही.

वायफायवाला आपला मोबाइल पुढे धरून खोलीभर फिरला. कोपऱ्यात थांबला.

"ताई, इथे आधीच रेंजचा डबा बसवलाय का कुणी?"

"डबा असता तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"हॉलमध्ये अर्धी रेंज दाखवतंय. इथे पूर्ण आहे." तो दोन पावलं सरकला. खाटेचं उशाकडचं टोक होतं तिथे. "इथे सगळ्यात जास्त. आणि एक फोन जोडलेला दिसतोय... नाव 'आई'."

तिने कपाट उघडलं. फोन काळा ठिक्कर, बॅटरी केव्हाच उतरलेली. दाबून पाहिला, मेलेलाच. पण हाताला लागला तो तापलेल्या कपाळासारखा.

त्याने ते पाहिलं. आणलेला डबा पिशवीत परत घातला. "मग... गरजच नाही, ताई," म्हणाला आणि चहाला न थांबता गेला.

नवरा खूश. "बघ, सगळं आपोआप झालं." उशाच्या जागी खुर्ची रोवून, लॅपटॉप उघडून बसलासुद्धा.

ती हॉलमध्ये येते तोच तिच्या फोनवर धाकट्या दिराचा फोन आला.

"वहिनी, आईचा फोन कोण वापरतंय?"

"कुणी नाही, भावजी."

"आत्ता निरोप आले. एकवीस."

"साचले असतील..." ती म्हणाली. "पहिला काय आहे?"

"त्या दिवशीचा. म्हणते, थोरली रागावलीय, पण मनात ठेवायची नाही. उद्या आणेल भरून."

ती भिंतीला टेकली. वीस दिवस जे रडू आलं नव्हतं, ते आता आलं.

"आणि पुढचे?"

"रोज एक. नुसता श्वास आहे, वहिनी... आजच्यात बोललीय. म्हणते, कुणीतरी माझ्या छातीवर खुर्ची ठेवलीय."

मागच्या खोलीतून नवऱ्याचा कामाचा, मोठा आवाज येत होता.

"भावजी, उत्तर द्या त्यांना."

"कुणाला?"

"आईंना. दोन शब्द बोला. मी फोन आणते हॉलमध्ये."

तिने मागच्या खोलीतून तो मेलेला फोन उचलला. "आता काय?" नवऱ्याने मान न वळवता विचारलं. फोन नेऊन टीव्हीशेजारी ठेवला, नेहमीच्या जागी, आणि हात पदराला पुसले.

"अगं, इथली रेंज गेली," आतून नवरा ओरडला.

ती जागची हलली नाही.

काळ्या पडद्याचा फोन टुंग वाजला.

मग बराच वेळ काही नाही. आणि मग नवऱ्याचा आवाज, एकदम खाली आलेला.

"अगं... माझ्या मांडीखाली कोण हसतंय?"