मावशीच्या टाकीतला सोडा

माझी मावशी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. काका गेल्यापासून मी तिच्या मागे लागले होते, की बाई गं, एकटी राहू नकोस, माझ्याकडे चल. मग ती न्हाणीघरात घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली, तेव्हा कुठे कबूल झाली. तेही अट घालून. काकांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एकच मासा उरला होता. केशरी, फुगीर गालांचा, त्याला आम्ही साहेब म्हणायचो. टाकीचं पाणी ताळ्यावर आलं, की साहेबांना दुकानदाराकडे धडधाकट पोचवायचं आणि मगच बाईसाहेब घरातून हलणार.

"एवढंच ना?" मी म्हटलं. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. मला वाटलं, हा तर माझ्या हातचा मळ.

गाडी अडली होती अल्कलिनिटीवर. म्हणजे पाण्यात विरघळलेला तो साठा, ज्याच्यातून पोवळी आपला सांगाडा बांधतात. तो घटला की पाण्याचा तोल जातो आणि मासा आजारी पडतो. मावशी रोज इवल्याशा बाटलीत टाकीचं पाणी घ्यायची, त्यात औषधाचा एकेक थेंब सोडायची, निळ्याचं पिवळं झालं की थांबायची. साठा कमी निघाला की खायचा सोडा विरघळवून टाकीत घालायची. दुसऱ्या दिवशी बघावं, तर पुन्हा कमी.

"थेंब मोजताना तू टीव्ही बघतेस," मी म्हटलं.

"बघते. म्हणून काय मला आकडे येत नाहीत?"

रविवारी मी माझी सगळी आयुधं घेऊन गेले आणि तिच्यासमोर तपासणी केली. तिचाच आकडा आला, तंतोतंत. मावशीने माझ्या चहात साखर जरा जास्तच घातली.

मग हा सोडा जात होता कुठे? पोवळी काकांच्या पाठोपाठ मेली होती, मीच ती काढून टाकली होती. कधीकधी हीटरवर, पंपावर चुन्याचा थर बसतो. दोन्ही उघडून बघितले, लख्ख होते. मीठ बदललं. औषधाची नवी बाटली आणली. तरी साठा घटतच होता आणि दर आठवड्याला जास्तच घटत होता. पोवळ्यांनी गच्च भरलेल्या टाकीला लागावा इतका सोडा त्या रिकाम्या टाकीत मुरत होता.

"आत कुणीतरी काहीतरी बांधतंय," मी वैतागून म्हटलं.

मावशी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मोठ्या दगडामागे बघितलंस का?"

मी बॅटरी लावून टाकीच्या कडेने आत वाकून बघितलं.

दगडामागे वाळूत एक पंजा होता. पांढरा, पोवळ्यासारखा खरखरीत, तळवा वर केलेला. करंगळी आत वळलेली होती. काकांची करंगळी दारात चेंगरली होती, तेव्हापासून ती अशीच वळलेली असायची.

"मावशी, हे काय आहे?"

"ओळखलं नाहीस?" तिला जरा वाईटच वाटलं. "आधी नुसता अंगठा होता. मला वाटलं, शिंपलाच असेल."

मी बाही वर केली आणि आत हात घातला. उपटूनच काढणार होते. टाकीचं पाणी कोमट असतं. पंजा त्याहून गरम होता.

मी लहान असताना रस्ता ओलांडताना काका माझा हात धरायचे, तो अस्साच लागायचा. मला रडूच आलं. मी तो सोडून दिला.

"तू म्हणशील तर सोडा बंद करते," मावशी हळूच म्हणाली. "पण मग ते असेच राहतील ना गं, अर्धवट."

आता सांगा, काय करणार? येताना सोडा मीच आणायला लागले.

कोपर झालं. मग खांदा. मी दगड कडेला सरकवून जागा करून दिली. साहेब त्या बोटांमध्ये झोपू लागले. मावशी दुपारी टीव्ही लावून, बाही वर करून, हातात हात घालून बसायची. इतकी खूश मी तिला कित्येक दिवसांत बघितली नव्हती.

"आणि माझ्याकडे कधी येतेस?" मी विचारायची.

"त्यांनाच विचारू. जरा तोंड होऊ दे."

काल दुपारी मी टाकी साफ करायला पंप बंद केला. मावशी स्वयंपाकघरात होती. घर एकदम शांत झालं.

पाण्यावर बुडबुडे येत होते.

पंपाची काढलेली वायर माझ्या हातात होती. बुडबुडे दगडामागून येत होते. थोडे येत, थांबत, पुन्हा येत. माणूस गाढ झोपेत श्वास घेतो, तसे.

मी काचेपाशी तोंड नेलं.

"काका," मी म्हटलं, "मावशीला माझ्याकडे नेऊ का हो?"

बुडबुडे थांबले.

मी वाट पाहिली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, मावशी काहीतरी गुणगुणत होती. पाणी आरशासारखं स्थिर होतं.

"बरं," मी म्हटलं. "राहू दे तिला इथेच."

मग ते परत सुरू झाले.