तळघर सावकाश उपसावं

घरात पाणी शिरून गेलं की लोक आधी झाडू हातात घेतात. मी म्हणतो, जरा दम धरा. वीज बाहेरून तोडली आहे का बघा, भिंतींचे फोटो काढा, भिजक्या गाद्यांचा मोह सोडा. आणि तळघर असेल तर ते एका दिवसात उपसू नका. बाहेरची माती पाणी पिऊन फुगलेली असते, आतल्या पाण्याचाच भिंतींना आधार असतो. रोज तिसरा हिस्सा काढायचा, बस्स. सतरा वर्षं पंप चालवतोय, पण हे ऐकून घेणारा माणूस विरळाच. तुम्ही 'आजच का नाही?' म्हणालात, म्हणून सांगतो. बसा.

नदीच्या वळणावरचं घर होतं. पुराला चार दिवस झाले होते. दारात बाई एकटीच. पुराच्या रात्री नवरा मेन स्विच बंद करायला तळघरात उतरला, तो वर आलाच नाही. तिला लोकांनी बोटीतून काढलं.

"दादा, यांना बाहेर काढा," ती म्हणाली आणि मोबाइलमधला त्याचा फोटो दाखवला. देहच हाती लागणार हे तिला कळत होतं. निदान तेव्हा तरी.

दुपारपर्यंत मी तिसरा हिस्सा काढला, भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि पंप बंद केला. पंप थांबला की कान थोडा वेळ बधिर होतात. चिखलाचा आणि डिझेलचा वास नाकात बसलेला. तेवढ्यात खालून आलं… टक… टक.

"लाकूड आपटतंय, ताई."

"अगं…" खालून कुणीतरी म्हणालं. "अजून किती वेळ?"

बाईनं माझा दंड पकडला. "हे आहेत! वर हवा राहिली असेल, तिथं तग धरून आहेत… दादा, पंप लावा!"

मी बॅटरी मारली. गढूळ पाणी, उलटी तरंगणारी खुर्ची. माणूस नाही. चार दिवस त्या गारठ्यात कोण जगतं? मी तिला परोपरीनं सांगितलं, घाई केली तर भिंत आत येईल. ती माझ्या पायांवर कोसळली.

"पंपवाले…" आवाज खालून म्हणाला. "गाडीत दुसरा पंप आहे ना?"

तो पंप ताडपत्रीखाली होता. कुणी पाहिला नव्हता. तिथून पळायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू? मी मुकाट्यानं तो पंप आणून लावला आणि दोन्ही सुरू केले.

पाणी सरसर उतरू लागलं. पायऱ्या एकेक करून उघड्या पडल्या, तशी बाई उतरत गेली. भिंत घामेजली. तिच्यावर केसाएवढी चीर उमटली, मग बोटाएवढी.

तेव्हा फाटक वाजलं. अनवाणी माणूस, डोक्याला पट्टी, अंगात इस्पितळाचे कपडे. फोटोतलाच. तळघराच्या मागच्या खिडकीतून तो वाहून गेला होता, कुठल्याशा गावानं त्याला उचललं होतं आणि तीन दिवस तो बेशुद्ध होता, हे मला नंतर कळलं. त्यानं जिन्यावरून उतरणारी बायकोची पाठ पाहिली आणि तिला हाक मारायला तोंड उघडलं.

आवाज फुटला नाही. मानेच्या शिरा ताठरल्या, ओठ 'थांब, थांब' म्हणत होते, पण आवाज नव्हता.

मी ओरडलो. दोन पंपांच्या धडधडीत माझी हाक मलाच ऐकू येईना. तळघरातला तो आवाज मात्र कानाशी बोलल्यासारखा स्पष्ट आला.

"ये… दोनच पायऱ्या राहिल्या."

तिनं मागे वळून पाहिलंच नाही. भिंत आत आली. फार मोठा आवाजही झाला नाही, ओल्या पोत्यासारखी बसली.

मी पंप बंद केले. शेजारीपाजारी फावडी घेऊन धावले. तासाभरानं कुणीतरी हात वर केला आणि आम्ही सगळे थांबलो. मातीखाली ती रडत होती. जिवंत होती! तिचा नवरा माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसून नखांनी माती उकरत होता, तोंड उघडंच. आणि खालून, त्याच्याच आवाजात, कुणीतरी फार मायेनं म्हणालं, "रडू नकोस… मी आहे ना."

ती रडायची थांबली.